भानुदासरावांचं मनगट

भानुदासरावांना नमस्कार केला, तर ते हात जोडत नसत. खांदा पुढं करत. "मनगट जपायचंय," म्हणत. दोन्ही मनगटांवर एरंडाची गरम पानं, वरून लुगड्याच्या चिंध्या. उमरग्याच्या बाजारात एरंडेलाचा वास आधी यायचा, भानुदासराव मागनं.

आम्ही दोघं खरेदी-विक्री संघात. मी कारकून, ते टायपिस्ट. शिवाय भिंतीला भिंत लागून घर. दुष्काळाच्या त्या साली चाऱ्यासाठी एवढे अर्ज वर गेले, की टाईप करून करून त्यांच्या मनगटात कळा निघायला लागल्या. इथवर कुणालाही दया यावी. पण त्याच सुमाराला त्यांच्या मेव्हण्यानं दुबईहून बॅटरीवरचा जपानी बाजा आणला. पट्ट्या पेटीसारख्या, पण भाता नाही. बटण दाबलं की ढोल आपोआप. आळीची दया तिथंच संपली.

विहिरीवर सगळे घागरी ओढत, तेव्हा हे बाजूला उभे. "म्या वढलं असतं, पण मनगट!" भाकरी मोडायला मनगट, छत्री उघडायला मनगट. संध्याकाळी बाजापुढं बसले, की मात्र उठायचं नाव नाही. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "बोटांना विश्रांती द्या. बाजा बंद." हे म्हणाले, "टायपिंग बंद करतो." चेअरमन ऐकेनात.

"मनगट म्हंजे काय?" ते मला विचारत. "मन आन् गट. मन माझं, गट चेअरमनचा. दुखणारच की!"

संघाच्या वार्षिक सभेत स्वागतगीत वाजवायचा हट्ट त्यांनीच धरला. गीत चांगलं झालं, म्हणजे संपलं. मग चेअरमन उठले. जनावरांच्या छावणीचा चारा कुठं गेला, हे सोडून सगळं बोलायची त्यांची तयारी होती. त्यांनी आवाज जड केला, "बांधवांनो, मुकी जित्राबं मरायला लागलीत..."

आणि बाजातून ढोल सुरू झाला. धिनक धिन, धिनक धिन.

"बंद करा!"

"व्हईना! बोटं धरलीत!"

भानुदासरावांची बोटं खरंच बटणावर आखडली होती. एका संचालकानं त्यांचा हात ओढला, दुसऱ्यानं भलतंच बटण दाबलं. ढोल दुप्पट वेगानं वाजू लागला. मागनं कुणीतरी ओरडलं, "चारा न्हाय तर न्हाय, नाच तरी होऊ द्या!" सभा तिथंच आटोपली. चेअरमननी सुटकेचा निःश्वास सोडलेला मी स्वतः पाहिला.

त्यानंतर शेजारी आवाज नाही. दोन-तीन दिवस मी सुखानं चहा प्यायलो, मग मुद्दाम चिडवायला गेलो. भानुदासराव बाजापुढं बसले होते. बोटं सुजलेली, हात मांडीवर.

"आळी लई खूश हाय, राव," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. आत सुशीलावहिनी सूप घेऊन धान्य निवडत होत्या. मी आलो तरी मान वर नाही.

"लेक नांदायला गेली, तवापासनं हिनं बोलणं टाकलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "ताट वाढती, गप बसती. बाजा लावला की तेवढी वरडती. म्हणून लावत होतो."

त्यांनी बोटं उचलून पाहिली, उचलेनात. मग त्यांनी कोपर पट्ट्यांवर ठेवून जोरात दाबलं. असा भेसूर आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"अवो, बंद करा की ते! हात मोडून घेता का आता?"

भानुदासरावांनी कोपर उचललं नाही.

"बघा," ते माझ्याकडं झुकून म्हणाले, "आज दोन वाक्यं बोलली."