दादारावांना उत्तर लागतं

दादारावांना काही सांगून तुम्ही निघून जाऊ शकत नाही. तुमचं बोलणं झालं की ते तेच बोलणं तुम्हाला परत ऐकवतात आणि तुमचा होकार आल्याशिवाय वाट सोडत नाहीत. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या माणसालाही ते म्हणतात, "रविवार, सकाळी, राळेगाव, जेवण आहे, मी एकटाच. बरोबर?" पत्रिकेवर हे सगळं छापलेलं असतं. आमचा चहावाला तर आता चहा टेकवायच्या आधीच घोकलेल्या पाठासारखं म्हणतो, "एक बिनसाखरेचा, कप अर्धा, पोचला."

कळंबच्या बसस्टँडजवळ एका कृषी केंद्राच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. खालून फवारणीच्या औषधांचा वास येतो आणि वर आम्ही वेबसाइटी बनवतो. कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या, मंगल कार्यालयांच्या, शाळांच्या. दादाराव आमच्यात सगळ्यांत मोठे. आधी टायपिंग शिकवायचे, क्लास बंद पडला तसे कोडिंग शिकले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा हैदराबादला, घरात एकटेच. पण माणूस मजेत असायचा, म्हणून आम्ही त्याचा कधी विचार केला नाही.

राळेगावच्या बहिणीला ते एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती लोणच्याची बरणी पाठवतात, तेव्हा पिशवीवर जाड अक्षरात लिहितात: आत लोणचं आहे, उभं ठेवणे. आम्ही हसलो की म्हणतात, "आत काय आहे थे वरून सांगा लागते. नाही तं समोरचा आडवंच करते." सर्व्हरला माहिती पाठवतानाही त्यांचं हेच. वेबसाइटचं पान नुसता मजकूर पाठवतं आणि तो कोणत्या प्रकारचा आहे हे सांगत नाही, असं दिसलं की ते कपाळाला हात लावतात.

मागच्या वर्षी एका संस्थेचं काम आलं. गावोगावी एकटे राहणारे म्हातारे लोक. त्यांनी रोज सकाळी मोबाईलवरचं एक मोठं बटण दाबायचं: मी बरा आहे, मी बरी आहे. नऊपर्यंत ज्याचा निरोप आला नाही, त्याच्या घरी त्या भागातल्या कार्यकर्तीने जाऊन पाहायचं. काम छोटं होतं, पण चूक झाली तर कोणीतरी घरात पडून राहील आणि कुणाला पत्ता लागणार नाही, एवढं आम्हालाही कळत होतं.

आमचं पहिलं पान झकास दिसत होतं. बटण दाबलं की हिरवी खूण. दादारावांनी फोनचं नेट बंद केलं आणि बटण दाबलं. हिरवी खूण आली.

"निरोप घरातच आहे अन् तुमचं पान म्हातारीले पोचला म्हणून सांगून राह्यलं," ते म्हणाले.

आम्ही पानाला सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहायला लावली. मग त्यांनी मुद्दाम सर्व्हरकडून नकार पाठवला. तरी खूण हिरवीच. आम्ही म्हटलं, उत्तर तर आलं ना. यावर त्यांनी आपल्या लग्नाची गोष्ट काढली. मुली पाहत होते तेव्हा उत्तरं सगळ्याच घरून आली होती म्हणे, होकार एकाच घरून आला. उत्तर आलं म्हणून कोणी मांडव घालत नाही. तेव्हापासून आमचं पान आलेलं उत्तर उघडून वाचतं आणि होकार असेल तरच हिरवं होतं.

होकारानंतर काय दिसावं, तेही त्यांनीच लिहिलं: 'पोचलं. आता चहा घ्या.' याने भलताच घोळ झाला. मुकुटबनच्या एक आजी सकाळपासून बटण दाबत सुटल्या. का, तर दर वेळी कोणीतरी चहा घ्या म्हणतं. आम्ही म्हटलं, दिवसातून एकदाच दाबता येईल असं करू. दादाराव अडून बसले. एकदा दाबलं की उत्तर येईपर्यंत बटण बंद ठेवा, मग दाबू द्या, सर्व्हरनं सगळे मिळून एकच निरोप धरावा. "तुमचं काय जाते? दाबू द्या न तिले," म्हणाले, आणि दोन दिवस खपून तसं करून दिलं.

परवा सकाळी साडेनवाच्या सुमाराला रेखाताई धापा टाकत माडी चढून आल्या. त्या संस्थेच्या कळंबच्या कार्यकर्त्या. आम्हाला वाटलं, पान बिघडलं. त्या सरळ दादारावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमचा निरोप नाही आला आज. फोन बंद, घराले कुलूप. मले काही सुचेना."

आम्ही सगळे बघत राहिलो. दादाराव रोज सकाळी बटण दाबतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. लाइट गेल्याने फोन चार्ज झाला नव्हता, असं ते पुटपुटले. मग म्हणाले, टेस्टिंग करतो मी.

"वर्ष झालं टेस्टिंग करून राह्यले?" रेखाताई म्हणाल्या. "कुलूप तं खालच्या कोयंड्याले, थे मांगून दिसलं मले. पयले वरची वाजवायची कडी हालवली, थे वाजतेच नाही. मंग हातानं दार ठोकलं."

"खराब झाली असन," दादाराव म्हणाले. "मले मालूमच नाही पडलं. कोणी वाजवतच नाही न."

इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसतो. त्यांचं घर ऑफिसपासून चालत जाण्यासारखं आहे. मला फार वाईट वाटलं.

रेखाताईंना त्यांनी आपल्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, स्वतः खाली जाऊन चहा सांगितला. मग आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली आणि खालच्या दुकानातून पेचकस मागून घेऊन दाराची कडी नीट करायला घरी गेले.