लडकूकाकांची दाढ

अख्ख्या भिवंडीत हाडं मोडणारे पुष्कळ सापडतील, बनवणारा मी एकटा! पीएच.डी.साठी मी भट्टीत हाडातला क्षार तयार करत होतो. मोडलेल्या हाडात भरायला तो लागतो, पण त्याचे सगळे स्फटिक एकाच जातीचे हवेत. माझी भट्टी जरा जास्त तापायची आणि दुसरी जात घुसायची.

आमच्या कोन गावी, घरी मी ही बढाई मारली आणि तिथेच फसलो. हाडाचं काहीही उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं लडकूकाकांच्या बायकोनं, धोंडूकाकीनं बजावलं. तेव्हापासून माझ्या नमुन्याची डबी, फोटोच्या रोलची, पडवीतल्या खुंटीवर पिशवीत असायची. तिच्यावर नाव घाल, असं आमचे सर सांगायचे. म्हटलं, माझं हाड मी ओळखणार नाही?

त्या उन्हाळ्यात लडकूकाका गेले. मला कॉलेजात घालणारे तेच. स्मशानात मी लहान पोरासारखा रडलो. अस्थी खाडीत सोडल्या, पण चिमूटभर तरी नाशिकला गोदावरीत पोचाव्यात, एवढीच काकीची इच्छा होती. काकांचे धाकटे भाऊ दामूकाका. त्यांनी चार तुकडे दुधानं धुऊन तसल्याच डबीत भरले. अस्थीही घरात आणत नाहीत. खुंटी तीच, पिशवी तीच.

दुसऱ्या दिवशी मी घाईत एक डबी उचलून मुंबईच्या प्रयोगशाळेत तपासणीला दिली. दुसरी घेऊन काकी आणि दामूकाका नाशिकला गेले. काकी पाण्यात उभी राहून धाय मोकलून रडली म्हणे.

आठवड्यानं सरांनी मला बोलावलं. अहवाल हातात, चेहरा फुललेला.

"प्रितेश, एकच जात! परका स्फटिक औषधालाही नाही. कसं जमवलंस?"

मी नम्रपणे म्हणालो, "तापमान सांभाळलं, सर."

मग त्यांनी उरलेल्या नमुन्याचं पाकीट दिलं. प्रयोगशाळेतला माणूस म्हणे विचारत होता, यात दाढ कशी आली? ती त्यानं कुटली नव्हती. मी पाकीट उघडलं. सुपारी फोडताना अर्धी उडालेली ती दाढ मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

घरी येऊन काकीला सगळं सांगितलं. तिनं दाढ मुठीत धरली.

"कुटलं त्यांना?"

"हो, काकी."

"आनि मंग?"

"पहिला नंबर आला."

काकीचे डोळे भरून आले. "जलमभर कंदी पास झालं न्हाय," ती म्हणाली. "चल नाशिकला. या बारीला डबी मी धरनार."

काका गोदावरीत पोचले. काकी आता शांत झोपते. सर मात्र अजून मागे लागलेत, तोच नमुना पुन्हा करून दाखव म्हणून. हे मी घरी बोललो, तेव्हापासून दामूकाका माझ्या हातचा चहा घेत नाहीत.