सासूबाईंच्या चेहऱ्याचा पोत

तयार झालेल्या चित्राला पुन्हा हात लावू नये, हे सिद्धनाथरावांना कळत नव्हते असे नाही. परंतु रविवारची दुपार होती, जेवण अंमळ जास्त झाले होते आणि अशा वेळी कर्तबगार माणसाला स्वस्थ बसवत नाही.

सिद्धनाथराव अक्कलकोट रोडवरील एका टॉवेलच्या कारखान्यात संगणकावर नक्षी काढत. त्याच विद्येच्या बळावर त्यांनी सासूबाईंचे, म्हणजे मंगळवेढ्याच्या केराबाईंचे, चित्र रंगवले होते. केराबाईंना फोटोचे भारी वावडे. लेकीच्या हट्टाखातर त्या चार रविवार जावयासमोर बसल्या आणि "आता पुन्यांदा बसणार न्हाय" असे बजावून शेळ्यांमागे निघून गेल्या. चित्र मात्र साधले होते. हसू दाबताना त्यांच्या डाव्या डोळ्याखाली उमटणारी बारीक सुरकुतीसुद्धा. ते पाहून पूनमने पदराने डोळे टिपले. (अठरा वर्षांच्या संसारात पतीच्या कर्तृत्वामुळे तिचे डोळे आनंदाने भरून येण्याचा हा पहिलाच प्रसंग.)

"आता छापून आणा की," ती म्हणाली.

"आणतो. जरा कापडावर काढल्यागत दिसू दे."

चित्रकलेच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये कागदाचे आणि कॅनव्हासचे पोत बाहेरून आणून बसवता येतात. सिद्धनाथरावांनी चाळीस पोतांचा संच इंटरनेटवरून उतरवला, योग्य त्या फोल्डरमध्ये ठेवला आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केले. यादीत चाळीसही हजर! येथेच ते थांबले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. परंतु एकही कॅनव्हास त्यांच्या पसंतीस उतरेना. एकाचे धागे विरळ, दुसऱ्याची वीण ढिली.

"सोलापूरच्या माणसानं कापड बाहेरून आणायचं व्हय?" असे स्वतःलाच विचारून त्यांनी कपाटातून आपल्याच कारखान्याचा कोरा टॉवेल काढला, स्कॅनरवर पसरला, एकेचाळिसावा पोत म्हणून यादीत बसवला आणि सासूबाईंच्या चित्रावर चढवला.

पडद्यावर लहान आकारात चित्र भारी मऊ आणि उबदार दिसले. मग हातांनी सवयीचे काम केले. कारखान्याचा दंडक असा, की नक्षी अंतिम ठरली की एकावर एक रंगवलेले तिचे सारे थर पुन्हा सुटे होणार नाहीत असे एकत्र करायचे आणि जुन्या फाइली पुसून टाकायच्या. नाहीतर मागावर भलतीच नक्षी चढते. त्यांनी थर एकत्र केले. जुन्या फाइली पुसल्या. संगणकाची कचराटोपलीही रिकामी केली. (शिस्त म्हणजे शिस्त.)

पूनम चहा घेऊन आली आणि तिने चित्र मोठे करून पाहिले.

"अवो, आईच्या तोंडावर हे काय उठलंय?"

"पोत हाय त्यो."

"गोवर आल्यागत दिसतंय की! काढा बघू."

"निघत न्हाय."

"मग आदीचं दावा."

सिद्धनाथरावांनी चहाचा कप पुढे ओढला. "आदीचं... न्हाय ऱ्हायलं."

पूनमने भरलेला कप तसाच उचलून परत नेला. ती सुरकुती टॉवेलच्या धाग्यांच्या फासांत नेमकी कोठे बुडाली, हे शोधत सिद्धनाथराव दिवेलागणीपर्यंत पडद्यासमोर बसून होते. ती सापडली नाही.

तरीही रिकाम्या हातांनी कसे जावे, म्हणून पुढच्या आठवड्यात नवी पेठेतून ते चित्र कापडावर छापून घेऊन दोघे एसटीने मंगळवेढ्याला गेले. मोतीबिंदूमुळे केराबाईंना हल्ली सारेच अंधूक दिसे. त्यांनी गुंडाळी उलगडून डोळ्यांजवळ नेली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"टॉवेल आणला व्हय जावयानं! जरा कडक हाय. नवा हाय न्हवं. धुतला की मऊ पडंल."

पूनम बोलणार, तोच सिद्धनाथरावांनी तिला डोळ्यांनी विनवले. हा टॉवेल नसून चित्र आहे असे सांगितले, तर सासूबाईंचा चेहरा आपल्याच हातांनी पुसल्याचेही सांगावे लागले असते. पूनम गप्प बसली. परंतु घरी परतेपर्यंत ती गप्पच राहणार, हेही त्यांना तेव्हाच कळले.

निघताना केराबाईंनी रीतीप्रमाणे जावयाच्या कपाळी कुंकू लावले, डोक्यावर टोपी ठेवली, हाती नारळ दिला आणि आहेर म्हणून तेच कापड घडी घालून त्यांच्या खांद्यावर टाकले.

"घरात टॉवेल लई पडल्यात, जावईबापू. ह्यो तुमालाच ऱ्हाऊ द्या. पर पयल्यांदा येगळा धुवा हं, रंग जाईल."