गप्प बसणारा अ‍ॅम्प्लिफायर

"अ‍ॅम्प्लिफायर चालू करा, पण गाणं लावू नका," असं दुकानदाराला सांगणारं गिऱ्हाईक अख्ख्या डहाणू तालुक्यात एकच आहे. त्या म्हणजे मसोलीतल्या आमच्या शेजारीण राऊतबाई.

स्टेशनजवळच्या त्या दुकानाचे मालक हसमुखभाई. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकांना बेस ऐकवला, ट्रेबल ऐकवला, काच हलवून दाखवली. काहीच न ऐकवण्याची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"गाणा नाय लावू? मग ऐकणार काय, बाई?"

"तो गप्प कसा बसतो ते ऐकणार. आवाज काय, कोणीही काढतं. तुमच्या दारातला रिक्षावालासुद्धा मघापासून काढतोय."

मग बाईंनी पदर खोचला, चष्मा कपाळावर चढवला आणि स्पीकरच्या जाळीला कान लावला. दुकानातला पंखा बंद करायला लावला. मोबाईलचं कव्हर बघायला आलेल्या दोन मुली कुजबुजत होत्या, त्यांच्याकडे बाईंनी नुसतं पाहिलं. मुली गप्प झाल्या. हसमुखभाईही गप्प झाले. मी तर स्कूटरवरून बाईंना घेऊन आलो तेव्हापासूनच गप्प होतो.

"घूं करतोय," बाई कान न काढता म्हणाल्या. "मागच्या बाकावरचं पोर तोंड मिटून पुटपुटतं ना, तसा. एक गुण कापला."

गुण कापणं हा बाईंचा श्वास आहे. तलासरीकडच्या आतल्या पाड्यांवरच्या शाळेत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. रोज डहाणूहून एसटीने, एसटी चुकली तर जीपने, जीप नसली तर पायी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तपासणी थांबलेली नाही. लग्नातल्या जेवणाला गुण, नव्या रस्त्याला गुण, गणपतीच्या आरतीला गुण. माझ्या बायकोच्या, वैशालीच्या अळूवडीला दहापैकी साडेआठ मिळाले, त्या दिवशी तिने माहेरी फोन करून सांगितलं. माझ्याबद्दल विचारलं तर बाई म्हणतात, "सुधीर, तुझा निकाल राखून ठेवलाय."

आता अ‍ॅम्प्लिफायरचं मूळ सांगतो. बाईंच्या बाहेरच्या खोलीत दोन लाकडी स्पीकर आहेत. घोलवडच्या एका इराणी कुटुंबाने चिकूची वाडी आणि बंगला विकला, तेव्हा सामान काढलं होतं. लोकांनी कपाटं घेतली, झुंबरं घेतली. बाईंनी स्पीकर घेतले आणि चिकूच्या खोक्यांच्या टेम्पोत, खोक्यांच्या मधे स्वतः बसून, मांडीचा आधार देत घरी आणले. दसऱ्याला त्यांना झेंडूची माळ असते. घरातल्या टीव्हीला कधी फूलसुद्धा मिळालेलं नाही.

त्या स्पीकरांना चालवणारा जुना अ‍ॅम्प्लिफायर गणपतीच्या सुमारास गेला. आत पाल शिरली होती. पालही गेली. दुरुस्तीवाल्याने हात टेकले, तेव्हा बाईंनी नवा शोधायला सुरुवात केली. अट एकच सांगितली. "पेन्शनीत बसला पाहिजे आणि देवाशेजारच्या कोनाड्यातही बसला पाहिजे. दोन्हीकडे जागा बेताचीच आहे."

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. दिवाळी आली तरी आम्ही शोधतच होतो.

एका यंत्राला निळे-जांभळे दिवे होते, ते गाण्याबरोबर नाचायचे. "दिव्यांना दिवाळी आहे," म्हणून बाईंनी तो परत केला. एका खोक्यावर हजार वॉट लिहिलं होतं. बाईंनी वाचून विचारलं, "आमची खोली एवढीशी. तिथे काय लग्न लावायचंय?" तिसऱ्यात ब्लूटूथ होतं. चालू केल्याबरोबर आतून एक बाई ठसक्यात इंग्रजीत काहीतरी म्हणाली. आमच्या बाई मागे सरकल्या.

"ही कोण?"

"ती सांगते की फोन जोडला गेलाय," मी म्हणालो.

"तिला कोणी विचारलं होतं का? न विचारता बोलली. दोन गुण कापले."

धाकटी डहाणूला माझ्या ओळखीचा एक साउंडवाला आहे, कोळीवाड्यातल्या हळदी-लग्नांना वाजवतो. त्याच्याकडेही नेलं. त्याने ताडपत्री ओढली आणि फ्रीजएवढं धूड दाखवलं. छाती फुगवून म्हणाला, "बाई, हा घरात लावा, होडीवर ऐकू येईल!"

"बाबा, समुद्राला नाही ऐकवायचं. मला ऐकायचंय."

पण त्याचा चहा त्यांनी घेतला आणि त्याला नऊ गुण दिले.

मी कंटाळून एकदा म्हणालो, "बाई, अहो थोडी घरघर सगळ्यातच असते. गाणं लागलं की कळतसुद्धा नाही."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी सह्याद्री राजस्थानात दाखवला होता. "आवाज मोठा करून चूक झाकता येते, सुधीर. वर्गातही मोठ्याने बोलणाऱ्या पोराला उत्तर येतंच असं नाही. गप्प बसवून बघावं. तेव्हा खरं कळतं."

शेवटी हसमुखभाईंनीच हार मानली म्हणा, की जिद्द धरली म्हणा. खालच्या फडताळातून धूळ झटकत त्यांनी एक डबी काढली. डबीच, कारण माझा जेवणाचा डबा तिच्यापेक्षा मोठा आहे. काळा पत्रा, पुढे एकच गोल बटण, मागे स्पीकरच्या तारांसाठी चार पितळी फिरक्या. ना दिवे, ना रिमोट, ना आतली बाई.

"आ कोणी घेत नाय," हसमुखभाई खजील होऊन म्हणाले. "लोकांना शो पायजे. पण साउंड साफ आहे."

पंखा बंद झाला. आता तो हसमुखभाई न सांगताच बंद करत. बाईंनी कान लावला. बराच वेळ लावला. मग डोकं वर करून विचारलं, "लाइट आहे ना?"

हसमुखभाईंनी डबीच्या कोपऱ्यातला तीळभर लाल ठिपका दाखवला. यंत्र चालू होतं.

बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी त्यांच्या शेजारात एवढी वर्षं राहून पाहिलं नव्हतं. एखादं पोर शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोर न अडखळता नकाशा वाचून दाखवतं, तेव्हा बाईंचा चेहरा असाच होत असणार. "हा हुशार आहे," त्या म्हणाल्या. मग गाणंही लावून पाहिलं, हसमुखभाईंच्याच फोनवरचं भजन. बटण थोडंसं फिरवलं आणि झांजा इतक्या स्वच्छ वाजल्या की कव्हरवालं एक गिऱ्हाईकही वळून बघायला लागलं. "नऊ," बाई म्हणाल्या. "एक रंगाचा कापला." हसमुखभाईंनी हात जोडले. त्यांच्या दुकानाला मिळालेले ते पहिले नऊ.

घरी जोडणी मी केली. डबी कोनाड्यात बसली, वर दोन बोटं जागाही उरली. एका टोकाला बाईंचा जुना टेपडेक, दुसऱ्या टोकाला स्पीकर. बाईंनी एक कॅसेट घातली. मला वाटलं, जुनं भावगीत असेल. स्पीकरमधून बाईंचाच आवाज आला, आजच्यापेक्षा तरुण आणि खणखणीत.

"शांत बसा. हजेरी घेते."

आणि एकेक नाव. प्रत्येक नावामागून एकेका पोराचं "हजर, बाई!" कुणी घाईत, कुणी लाजत, कुणी नाकातून.

बाई ताडकन उठल्या. "सुधीर! वर्ग उलटा बसवलास!"

मी तारांची अदलाबदल केली होती. मुली बाईंच्या टेबलाच्या डाव्या हाताला बसत, मुलगे उजव्या. मी मुलींना मुलांच्या बाजूला नेऊन बसवलं होतं. तारा सुधारल्या, तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी मला समोरच्या खुर्चीत, दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधे बसवलं आणि पुन्हा कॅसेट लावली. डोळे मिटले तर खरंच वर्ग समोर होता. डावीकडे खिडकीजवळ कुणी, मधे कुणी, उजवीकडे दाराशी कुणी.

"नोकरीच्या शेवटच्या दिवशी शाल-नारळ देत होते," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, मला हजेरी द्या. सहावीचा वर्ग. दोन माइक मी स्वतः टेबलावर ठेवले."

तेवढ्यात टेपवरच्या बाई म्हणाल्या, "सोनी?"

उत्तर आलं नाही. लांब कुठेतरी हापशाचा आवाज, एक कोंबडी, मग काहीच नाही. टेपवरच्या बाईंनी पुन्हा विचारलं, "सोनी आली नाही?" एक बारीक आवाज म्हणाला, "बाई, ती गेली." मग पुढचं नाव.

"आईबाप वीटभट्टीवर गेले, पोरीला घेऊन," बाई म्हणाल्या. "मी पाड्यावर जाऊन आले. झोपडीच्या दाराला काटक्या लावलेल्या. पुन्हा गेले, तरी काटक्याच. कुणी म्हणे भिवंडीकडे, कुणी म्हणे गुजरातेत. नकाशा छान भरायची. नद्या तर न बघता." त्या कोनाड्यातल्या डबीकडे बघत होत्या. "जुना अ‍ॅम्प्लिफायर त्या जागेवर घूं करायचा. मला ते चालायचं नाही. ती तिची जागा आहे. तिथे दुसऱ्या कुणी आवाज करायचा नाही."

त्या दिवसानंतर बाईंकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती खुर्ची आणि ती हजेरी ठरलेली. गॅसवाला ऐकून गेला, मतदारयादीवाले ऐकून गेले. बाई बाजूला उभ्या राहून, स्वतःचं घर दाखवावं तशा, एकेक पोर दाखवायच्या. "हा आता बोरिवलीला वायरमन आहे. ही सूरतला. ही दोन लेकरांची आई."

आणि मग मी नोकरी करतो त्या तहसीलदार कचेरीत नव्या तलाठी मॅडम रुजू झाल्या. पंचविशीच्या, सावळ्या, सातबारा हातात घेतला की समोरच्याला दम न देता गप्प करणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात सरकलेली एक हद्द त्यांनी बांधावर उभं राहून, जुन्या नकाशावरून शोधून दिली. साहेबांनी विचारलं, नकाशा इतका चांगला कुठे शिकलात? त्या म्हणाल्या, "तलासरीला. पाड्यावरच्या शाळेत आमच्या राऊतबाई होत्या."

माझ्या हातातली फाईल हातातच राहिली. टेबलावर त्यांचं नाव होतं, ते मी आठवडाभर वाचत होतो, पण फक्त आडनाव. मी विचारलं, "मॅडम, तुमचं पहिलं नाव?"

"सोनी."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बाकीचं सांगितलं. भट्टीवरून बाप वापीकडे गेला, तिथे एका वसतिगृहात सोय झाली, शाळा सुटली नाही. नंतर परत महाराष्ट्रात आल्या, परीक्षा दिल्या. बाईंना शोधायला शाळेत गेल्या होत्या, पण तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या आणि पत्ता कुणाला ठाऊक नव्हता.

"माझ्या शेजारी राहतात," मी म्हणालो. "संध्याकाळी चला." कॅसेटचं मी काही बोललो नाही. ते सांगण्याचा हक्क माझा नव्हता.

"तुम्हीही त्यांना माझं नाव सांगू नका, सर," त्या म्हणाल्या. "ओळखतात का बघू."

बाईंनी ओळखलं नाही. मी "आमच्या नव्या तलाठी मॅडम" म्हटलं. बाईंनी त्यांना आदराने "या" म्हटलं, सरकारी माणूस म्हणून जरा जास्तच आदराने, आणि सवयीप्रमाणे खुर्चीत बसवलं. "दोन मिनिटं ऐका. माझा वर्ग आहे." सोनी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

हजेरी सुरू झाली. पहिल्या "हजर, बाई"लाच त्यांचा हात तोंडाशी गेला. पुढे प्रत्येक आवाजासरशी त्यांची मान त्या बाजूला वळत होती, डावीकडे, उजवीकडे, मधे, आणि ओठ आवाजाच्या आधीच नाव उच्चारत होते. बाई बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, हा वायरमन, ही सूरतला. त्यांचं पाहुण्यांकडे लक्ष नव्हतं.

"सोनी?" टेपवरच्या बाई म्हणाल्या.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. आमच्या तलाठी मॅडम उभ्या राहिल्या होत्या. हात दोन्ही बाजूंना सरळ, हनुवटी वर.

"हजर, बाई."

टेप पुढे चाललीच होती. बाईंनी तिकडे न बघता हात लांबवला आणि डेकचं बटण दाबलं. "ती गेली" म्हणणारं पोर बोलण्याआधीच थांबलं. खोलीत काहीच आवाज उरला नाही. बाईंनी त्या उंच, सावळ्या मुलीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि पुन्हा पाहिलं.

"कुठे होतीस?"

"शिकत होते, बाई."

बाईंनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग आत गेल्या. स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला, नळ सुटला, आणि नळ नुसताच वाहत राहिला. मी उठून जावं की नाही ते मला कळेना. सोनी मॅडम तशाच सरळ उभ्या होत्या. कचेरीत ज्यांच्यासमोर गावचे पुढारी उभे राहतात, त्या मॅडमना बसायचं कुणी सांगितलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने नळ बंद झाला. आतून बाईंचा आवाज आला, थोडा ओला, पण खणखणीत.

"बस, सोनी."

आणि ती बसली.