ढोबळे सरांची यादी

आमच्या घरी दोन घड्याळं होती. एक बैठकीत, एक सैपाकघरात. ढोबळे सर वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले अन् तिसऱ्याच दिवशी त्यांनी सैपाकघरातल्या घड्याळाचा सेल काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाले, दोघांत चार मिनिटांचा फरक आहे, अन् ज्या घरात दोन घड्याळं असतात त्या घरात खरी वेळ कोणालाच माहीत नसते. तेव्हापासून बायको दूध गॅसवर ठेवून वेळ पाहायला बैठकीत जाते. दूध उतू जाते, पण वेळ एकच असते. अकरा वर्षं झाली याला.

सर पांढुर्ण्याच्या एका कॉलेजात डेटाबेस शिकवतात. आमच्या सौंसरहून रोज बसनं जाणं-येणं. डेटाबेस म्हणजे काय, हे त्यांनी मला शंभर वेळा सांगितलं तेव्हा कुठं थोडं डोक्यात शिरलं. माहिती खाने पाडून मांडायची, एक गोष्ट एकाच जागी लिहायची, अन् बाकी ठिकाणाहून तिच्याकडं फक्त बोट दाखवायचं. आडनाव ढोबळे, पण ढोबळ काही खपत नाही. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा सारं गाव पाट्या, शिक्के अन् पावतीबुकांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडत बसलं होतं. सरांच्या कॉलेजच्या यादीत शेकडो पोरं, पण जिल्ह्याचं नाव एकाच जागी. त्यांनी एक शब्द बदलला अन् चहा प्यायला. तो चहा आम्ही पुढं महिनाभर ऐकला.

माणूस एकटा. मूळचे मुलताईकडचे. आईबाप लहानपणीच गेले, वसतिगृहात शिकले, लग्न काही केलं नाही. कोणाला काका-मामा म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नाही. मला साहेब म्हणतात अन् बायकोला मॅडम. ती दहावी नापास. भाजीवाल्यासमोर यांनी मॅडम म्हटलं की लाजून कोथिंबीर घ्यायची विसरते.

तर मागच्या उन्हाळ्यात आमच्या धाकटीचं, मीनलचं लग्न ठरलं अन् मी आधी पत्रिकांच्याच काळजीत पडलो. कारण मोठीच्या लग्नात आम्ही घाण करून ठेवली होती. पत्रिका वाटायला तीन वह्या केल्या होत्या. एक माझ्याकडच्यांची, एक बायकोकडच्यांची, एक गावातल्यांची. रामाकोन्याचे एक जावईबुवा तिन्ही वह्यांत होते, त्यांना तीन पत्रिका गेल्या. अन् माझा चुलतभाऊ वसंता एकाही वहीत नाही! याला वाटलं त्यानं दिली, त्याला वाटलं यानं दिली. आमच्याकडं अक्षत लागल्याशिवाय, म्हणजे घरी येऊन पत्रिका देऊन कपाळाला कुंकू-अक्षता लावल्याशिवाय, कोणी मांडवात पाय ठेवत नाही. वसंता आला नाही, अन् तेव्हापासून रस्त्यात दिसला तर दुसरीकडं पाहायचा. ते मला फार लागलं होतं. या वेळी एकही माणूस सुटू द्यायचा नाही, असं मी मनाशी पक्कं केलं अन् सरांचे पाय धरले.

सरांनी एका अटीवर काम घेतलं. माणसांची यादी एक अन् नात्यांची वेगळी; शेजारी, गाववाले हेही त्यांच्या हिशेबी नातंच. माणसाला नंबर द्यायचा, कारण नावाचा भरवसा नाही. आमच्या गल्लीतच चार सुनीता आहेत. लोक म्हणतात 'गिरणीवाली सुनीता', पण गिरणी बंद पडून पाच वर्षं झाली. मग माझ्या आत्याबाईला कळलं की तिचा नंबर त्रेचाळीस आहे. "मी घरात सगळ्याहून मोठी, माहा नंबर त्रेचाळीस काहून?" म्हणून ती रुसली. सर समजावत होते की नंबर मानाचा नाही, ओळखीचा आहे. पण बदलून द्यायला तयार नाहीत, एकदा दिलेला नंबर बदलत नसते म्हणे. शेवटी बायकोनं पहिली पत्रिका आत्याबाईला देऊन भांडण मिटवलं.

महिनाभर रोज संध्याकाळी सर लॅपटॉप घेऊन ओसरीत बसत. बायकोनं एकदा सांगितलं, लिहा, बाबाराव अन् मंडळी, लोधीखेडा. सरांचे हात थांबले. मंडळीत कोण कोण, हे त्यांनी विचारलं. एका खान्यात एकच माणूस बसते. बाबारावांच्या घरी फोन लावून चौदा नावं घेतली तेव्हा बोटं पुन्हा चालली. आम्ही नातं सांगायचं, ते लिहायचे. मनानं कोणाचं नातं टाकत नसत. यादी छापून आली तेव्हा मी ती तीनदा वाचली. वसंता होता. मी स्वतः जाऊन त्याला अक्षत लावली. त्यानं घेतली, पाणीही पाजलं. मला वाटलं, जिंकलो बाप्पा.

मांडवाच्या दिवशी सकाळी सर बॅग घेऊन खाली उतरले अन् खोलीची किल्ली माझ्यापुढं धरली. खोली पाहुण्यांच्या कामी येईल, मी दोन दिवस पांढुर्ण्याला राहतो, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. महिनाभर राबला हा माणूस अन् ऐन कार्यात पळून राहिला! मी जरा चढ्या आवाजातच बोललो.

सर शांतपणे म्हणाले, "पण मला बोलावणं कुठं आहे, साहेब? माणसांच्या यादीत मी आहे, या घरात राहतो म्हणून, शेवटचा नंबर. नात्याच्या यादीत नाही. ज्यांचं नाव दोन्हीकडं आहे त्यांच्याच पत्रिका निघाल्या. यादी बरोबर आहे, मी तपासली."

तक्रारीचा सूर नाही, काही नाही. वर्गात फळ्यावरचं उदाहरण समजावून सांगावं तसं सांगितलं. माझी मान खाली गेली. घरच्याच माणसाला कसली पत्रिका, असं आम्ही सारे धरून चाललो होतो, अन् त्यांना ते कोणी सांगितलंच नव्हतं. अकरा वर्षांत नाही.

बायको आतून पत्रिका अन् कुंकवाचा करंडा घेऊन आली. हळदीचे हात होते, तसेच. तिनं सरांच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या.

"लिहा, माहा भाऊ," ती म्हणाली.

"मॅडम, तुम्हाला भाऊ दोन आहेत. मी दोघांनाही फोन करून विचारलं आहे."

"मंग आता तीन करा."

सरांनी बॅग खाली ठेवली. मग मांडवातल्या खाटेवर बसले, बॅगेतून लॅपटॉप काढला अन् दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं. बायको बाजूलाच उभी होती, खरंच लिहितात की नाही ते पाहत. मीही मागून वाकून पाहिलं. पडद्यावर सरांच्या नावाखाली एकाखाली एक नावं आपोआप येत होती. बहीण एक. भाऊजी, म्हणजे मी. भाच्या दोन. भाऊ दोन. मग भावजया, त्यांची पोरं, अन् खाली कुठंतरी आत्याबाईसुद्धा.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी एकच ओळ लिहिली," ते म्हणाले. "एवढे सारे माझे निघाले."