पोलादाला झोपू न देणारे गुलाबराव

आमच्या दारव्ह्याच्या जिनिंगमधले फिटर गुलाबराव चहा पिण्याआधी कपावर टिचकी मारून ऐकत. लोखंड दिसलं की खिशातली हातोडी निघालीच. विहिरीचा रहाट, एसटीचं चाक. एकदा तर माझ्या सासऱ्यांची लोखंडी पेटी, आणि तीही सासरे तिच्यावर बसलेले असताना. "आतून पोकळ हाये," असा निर्वाळा त्यांनी दिला. तो पेटीबद्दल होता, हे सासऱ्यांना पटवण्यात माझी संध्याकाळ गेली.

मी जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजायला होतो, शिवाय त्यांचा शेजारी. त्यामुळे "पोलादाले झोपू देऊ नये" हे त्यांचं वाक्य रोज कानावर पडे. ओतलेलं पोलाद निवांत थिजलं की त्याचे कण जाड पडतात, पोटात हवेचे बुडबुडे राहतात आणि माल ठिसूळ निघतो. थिजताना त्याला सारखी थरथर दिली की कण बारीक होतात. हे त्यांनी नागपूरला एका मासिकात वाचलं होतं.

"पायलीत जवारी भरताना आपण हालवतो का नाही? तसंच. फक्त हे हालणं इतकं घाईचं, का कानाले समजत नाही."

त्यासाठी त्यांनी जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह, तांब्याची तार आणि निकेलची कांडी जोडून ती कांडी थरथरवणारं एक यंत्र केलं. जिनिंगचे मालक, म्हणजे आमचे शेठ, पाहायला आले. गुलाबरावांनी कळ दाबली. सगळं गप्प.

"चालू कर ना," शेठ म्हणाले.

"चालूच हाये, शेठजी. आवाज मोठा हाये, आपले कान लहान पडून राह्यले."

ऐन हंगामात जिनिंगचं मोठं दातेरी चाक तुटलं. नवं मुंबईहून यायचं, आणि फाटकाबाहेर कापसाच्या बैलगाड्या तटलेल्या.

"मी ओततो," गुलाबराव म्हणाले. शेठचा विश्वास नव्हता, पण दुसरा उपायही नव्हता.

गुलाबरावांनी आधी दोन नमुने ओतले. एक निवांत थिजू दिला, दुसऱ्याच्या साच्याला कांडी टेकवून ठेवली. मग दोन्ही सगळ्यांसमोर घणाने फोडले. पहिला आतून साबुदाण्यासारखा, मधेमधे भोकं. दुसरा फुटता फुटेना. फुटला तेव्हा आतून बारीक रवा. "आता बोला," एवढंच म्हणून त्यांनी चाक ओतायला घेतलं. ते चाक हंगामभर फिरलं.

चाक बसलं त्याच दिवशी शेठनी हार मागवला, तोवर गुलाबराव यंत्र पिशवीत घालून घरी निघालेले. मीही सोबत गेलो. त्यांच्या बायकोचे, यमुनाबाईंचे कान लग्नानंतर लवकरच तापात गेले होते. गुलाबराव त्यांच्याशी हातवाऱ्यांनी बोलत.

त्यांनी यंत्र ओट्यावर मांडलं, कळ दाबली आणि कांडीच्या टोकावर पाण्याचा थेंब सोडला. थेंबाचं धुकं होऊन उडालं. यमुनाबाई दचकल्या, मग हसल्या आणि स्वतः दुसरा थेंब सोडू लागल्या.

"हिले दाखवाचं राह्यलं होतं," गुलाबराव म्हणाले. मग बायकोकडे बघतच हळू आवाजात मला म्हणाले, "बापू, हिचे कान गेल्यापासून घरात काही वाजलं का मले चोरट्यासारखं वाटते. एकट्यानंच ऐकल्यासारखं. हा आवाज मलेही ऐकू येत नाही."

यमुनाबाईंनी त्यांचा हात ओढून पाण्याच्या वाटीत बुडवला. थेंब सोडायची आता गुलाबरावांची पाळी होती.