पाळकसाहेबांचं बहुमत

पाळकसाहेबांच्या घरी आज भेंडी करायची की भरीत, हे मतदानानं ठरत असे. थट्टा करत नाहीये. धुळ्यात देवपूरला आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि त्या भिंतीवरून मी ही मतदानं वर्षानुवर्षं पाहिली आहेत. पाळकसाहेब स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभे राहत आणि म्हणत, "आज भरीत व्हावं, अशा मताचे जे असतील त्यांनी हात वर करावा." मग स्वतःचाच हात वर करत. "विरुद्ध?" विळीवर बसलेल्या त्यांच्या पत्नी रूथअक्का मान वर न करता भेंडीसकट हात वर करत.

घरात माणसं दोनच, आणि अक्का कायम विरोधी पक्षात. मग साहेब भिंतीपाशी येत. "भाऊ, निर्णायक मत हवंय."

मी एस.टी.च्या ऑफिसात कारकून. ना ख्रिस्ती, ना त्या घरात जेवणारा. तरी त्या घरातल्या निम्म्या भाज्या माझ्या मतानं शिजल्या आहेत. आतून अक्का ओरडत, "त्यास्ले काय इचारतस? घरमा भेंडी शे, भेंडीच व्हई!" आणि बहुमत काहीही असो, व्हायची भेंडीच.

साहेबांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती इंग्रजांच्या काळात. त्यांच्या पंथात बिशप नाही, वरून येणारा हुकूम नाही. मंडळीतल्या सभासदांनी हात वर करून काय ते ठरवायचं. बाकीच्या पाळकांनी हा नियम चर्चपुरता ठेवला, आमच्या साहेबांनी तो घरी आणला. अधूनमधून जळगावला जाऊन ते तरुण पाळकांना धर्मशास्त्र शिकवत. त्यांचं सगळं धर्मशास्त्र एका वाक्यात मावायचं: "देव हुकूम देत नाही, देव विचारतो."

"मग त्या दहा आज्ञा?" असं मी एकदा म्हणून बसलो. मला भिंतीपाशी उभं करून त्यांनी असं काही समजावलं की माझी ऑफिसची वेळ टळली. समजलं काहीच नाही. ऑफिसात लेटमार्क मिळाला तो वेगळाच.

त्यांची आवडती गोष्ट पारोळ्याची. तरुणपणी त्यांची तिथं बदली करायचं मिशनच्या एका गोऱ्या साहेबानं परस्पर ठरवलं. यांनी मंडळीची सभा बोलावली आणि साहेबाचा हुकूम मताला टाकला! साहेबाचा स्वयंपाकी त्याच मंडळीचा सभासद. त्याचाही हात साहेबाविरुद्ध वर गेला आणि हुकूम पडला. "मग तो गोरा साहेब चिडला नाही?" मी दर वेळी विचारायचो. "चिडून करतात काय? संध्याकाळी त्याच्याच हातचं जेवायचं होतं," असं म्हणून ते खो खो हसत.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात अक्कांना झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्त साकळलंय, मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं तर वाचण्याची आशा आहे, इथं ठेवलं तर फार दिवस नाहीत. त्या सकाळी पाळकसाहेब डॉक्टरांपुढे हात जोडून उभे होते. "काहीही करा, पण तिला वाचवा," एवढंच म्हणत होते. मी शेजारीच होतो.

मुलगा सुधीर नाशिकहून गाडी घेऊन आला. गाडी दारात, पिशव्या भरलेल्या. "बाबा, आता उचलूया," तो म्हणाला.

"तिला विचारल्याशिवाय नाही."

"अहो, ही काय मतं घ्यायची वेळ आहे?"

साहेबांनी ऐकलं नाही. खाटेपाशी बसून त्यांनी अक्कांना डॉक्टरांचं बोलणं नीट समजावून सांगितलं, काही लपवलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, आज तुम्हाला मत नाही." मला सुटल्यासारखं झालं.

"मुंबईला नेण्याच्या बाजूनं?" सुधीरचा हात वर गेला.

"विरुद्ध?" अक्कांचा डावा हात चादरीवरून हळूहळू उठला. "मी... जावाव नही," त्या कशाबशा म्हणाल्या. "घरमा... इथंच."

एकास एक. आता साहेबांचं मत. ते कुठे पडणार हे सुधीरला ठाऊक होतं, मलाही. उभ्या संसारात या नवराबायकोचं मत कधी एका बाजूला पडलं नव्हतं. साहेब त्या हाताकडे बघत राहिले. हात खाली यायला लागला तसा त्यांनी तो आपल्या हातात धरला, परत वर उचलला आणि स्वतःचा हात त्याच्यासोबत वर ठेवला.

"ठराव नामंजूर," ते म्हणाले.

सुधीर भिंतीला डोकं टेकून रडला. गाडी परत गेली. महिना भरायच्या आत अक्का गेल्या, त्यांच्या घरात, त्यांच्या खाटेवर.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. एक दिवस म्हणाले, "भाऊ, मी तिला उचलून गाडीत घातलं असतं तर?"

"अक्कांना घरीच राहायचं होतं, साहेब."

"ते मला माहीत आहे. माझं काय, ते विचारतोय. मला ती हवी होती हो. भांडायला का होईना, पण हवी होती. तो हात मी पाळक म्हणून वर केला. नवऱ्यानं तेवढ्यापुरता हुकूम दिला असता, तर देवानं मला माफ केलं नसतं का?"

तेवढ्यात आमच्या घरून जेवायची हाक आली तसा मी उठू लागलो. साहेबांनी मनगट धरलं.

"बसा," ते म्हणाले. "जाऊ नका."

इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेला तो पहिलाच हुकूम. मी बसलो.